गुरुजींची पेटी आणि कॉम्प्युटरचा पियानो



गेल्या महिन्यात शिक्षण परिषदेच्या जेवणाच्या सुट्टीत दोन-तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला. "मॅडम, तुमच्या शाळेत परिपाठाला पेटी वाजते, ती कोण वाजवतं? गुरुजी तर रिटायर झाले ना?" मी म्हटलं, गुरुजीच वाजवतात. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. चेष्टा नव्हती. पण उत्तर लांबलचक होतं आणि ताटात भात गार होत होता. म्हणून आज ते इथे सविस्तर लिहिते. कीबोर्डचा स्वतःचा आवाज घरच्या कॉम्प्युटरवर कसा घ्यायचा, हेही यातच येईल. मी तो आधी चुकीचा घेतला, मग बरोबर घेतला, मग पुन्हा एकदा वेगळ्याच प्रकारे चुकले. तिन्ही सांगते.

आधी चूक

आमची शाळा निमगाव सावा परिसरातली, दोन शिक्षकी. गुरुजी आमचे मुख्याध्यापक. त्यांच्या संगीताच्या परीक्षा झालेल्या. जुन्या पेटीचा भाता फाटला, तेव्हा त्यांनी स्वतःच्या पगारातून भारतीय वाद्यांचे आवाज असलेला एक कीबोर्ड आणला आणि शाळेत ठेवला. त्यात पियानो, बासरी, सनई असे शेकडो आवाज. गुरुजी मात्र रोज एकच आवाज लावायचे, हार्मोनिअम. मुलंही कीबोर्डला पेटीच म्हणायची.

गुरुजी ३१ मे ला निवृत्त होणार होते. आपल्याकडे १ जून जन्मतारखेचे किती शिक्षक आहेत हे तुम्हाला माहीतच आहे! मला पेटी येत नाही. डी.एड.ला असताना कागदकाम, मातीकाम सगळं केलं, पण पेटीला कधी हात लावला नाही. तेव्हा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी गुरुजींना म्हटलं, "तुमच्या सगळ्या चाली रेकॉर्ड करून ठेवू या." राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रार्थना, दोन देशभक्तीपर गीतं आणि पहिली ते चौथीच्या कवितांच्या त्यांनीच लावलेल्या चाली, अशा अकरा निघाल्या.

शाळेचा कॉम्प्युटर बंद. माझ्या घरी दिरांचा डेअरीच्या हिशोबाचा जुना कॉम्प्युटर आहे. कीबोर्ड मोटरसायकलवर बांधून घरी आणला. कीबोर्डच्या मागे यूएसबीचं सॉकेट होतं, प्रिंटरची जुनी तार त्यात बसली. मिडी नोंदवणारं एक फुकट सॉफ्टवेअर टाकलं. गुरुजी वाजवायला बसले आणि पडद्यावर भराभर रेघा उमटायला लागल्या. उंच सूर आला की रेघ वर, खालचा आला की खाली. आम्ही दोघेही खूश. दुपारी लाईट जायच्या आत अकरा चाली झाल्या. कॉम्प्युटरला स्पीकर नव्हता आणि हेडफोन पुतण्याने कधीच तोडलेला. त्यामुळे ऐकून पाहिलं नाही. रेघा दिसत होत्या ना, मग झालंच की!

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या दोन दिवस आधी स्पीकर मागून आणला आणि प्रार्थना लावली. तर पियानो! टिण टिण टिण. चाल तीच, सूर तेच, पण पेटी गायब. अकराच्या अकरा चालींत पियानो.

मी मनात म्हटलं, हरकत नाही, दिवाळीत गुरुजी येतील तेव्हा पुन्हा वाजवून घेऊ. गुरुजी मुलाकडे पिंपरीला राहायला गेले होते. सप्टेंबरमध्ये त्यांच्या घरून फोन आला. त्यांना पॅरालिसिसचा झटका येऊन गेला होता. जीव वाचला, बोलणं शाबूत राहिलं, पण उजव्या हाताची बोटं उघडत नव्हती.

आता पुन्हा वाजवून घेणं नव्हतंच. जे काही होतं ते त्या टिण टिण करणाऱ्या अकरा फायलींत होतं.

तारेतून नेमकं काय जातं?

मग मी नीट वाचायला बसले. समजलं ते असं.

यूएसबीच्या त्या तारेतून आवाज गेलाच नव्हता. गेले होते फक्त निरोप. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली. या निरोपांच्या भाषेला मिडी म्हणतात. १९८३ साली अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या वाद्य बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून ती ठरवली, म्हणजे एका कंपनीच्या कीबोर्डवरून दुसऱ्या कंपनीचं वाद्य वाजवता यावं. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांचा त्यात मोठा वाटा. पट्टी दाबल्याच्या एका निरोपात तीनच आकडे असतात. पहिला सांगतो की पट्टी दाबली आणि ती कुठल्या वाहिनीवर. दुसरा पट्टीचा क्रमांक. तिसरा जोर, ० ते १२७ मधला. आपण जिला पांढरी एक म्हणतो, त्या मधल्या पट्टीचा क्रमांक ६०.

हे समजल्यावर मला गुरुजींची स्वरलिपीची वही आठवली. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी रूढ केलेल्या पद्धतीने लिहिलेली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब आणि तार सप्तकाला वर टिंब. त्या वहीत चाल पूर्ण आहे, पण वही कानाला लावली तर काही ऐकू येत नाही. तीच वही पेटीवाल्याला दिली तर पेटी ऐकू येईल आणि बासरीवाल्याला दिली तर बासरी. मिडीची फाईल म्हणजे अशीच एक वही, फक्त फार बारकाईने लिहिलेली.

माझ्या कॉम्प्युटरने ती वही स्वतःच्या वाद्यावर वाजवली. विंडोजमध्ये एक लहानसा वाद्यसंच आधीपासून असतो. त्यात जनरल मिडी नावाच्या १९९१ च्या यादीतले १२८ आवाज असतात. गंमत म्हणजे या जागतिक यादीत सतार आहे आणि सनईसुद्धा आहे, पण आपली पेटी नाही. तबला-ढोलकीही नाही. आणि फाईलमध्ये कुठलं वाद्य हे लिहिलेलंच नसेल, तर कॉम्प्युटर यादीतला पहिला आवाज घेतो. पहिला आवाज पियानोचा.

म्हणजे पेटीचा आवाज होता तो कीबोर्डच्या पोटात. तो तिथून बाहेर आलाच नव्हता.

वर्गात खेळलेला चिठ्ठीचा खेळ

हे मुलांना सांगायचं होतं, कारण तीही विचारत होती, "बाई, पेटीचा पियानो कसा झाला?" तेव्हा एक खेळ केला. तुम्हीही करून बघा. तिसरी-चौथीला छान जमतो.

एका मुलाला कीबोर्ड केलं. त्याने चिठ्ठीवर फक्त दोन गोष्टी लिहायच्या, १ ते ५ पैकी एक आकडा आणि "जोरात" किंवा "हळू". एक मुलगा झाला तार. त्याने चिठ्ठी पळत नेऊन द्यायची. समोर तीन मुलं. एकाकडे गाईचा आवाज, एकाकडे शेळीचा, एकाकडे मोराचा. चिठ्ठीवर जितका आकडा तितक्या वेळा आपला आवाज काढायचा. "३, जोरात" ही एकच चिठ्ठी तिघांकडे गेली. एकाने तीनदा हंबरडा फोडला, दुसरी बेंऽ बेंऽ करून ओरडली, तिसऱ्याने केकारव केला. शेजारच्या वर्गातून माझे सहकारी बघायला आले, एवढा गलका.

खेळ संपल्यावर तिसरीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, म्हणजे गुरुजींचा आवाज चिठ्ठीत नाहीच?"

मी म्हटलं, "नाही."

ती म्हणाली, "मग चिठ्ठी परत पेटीलाच द्या ना."

खरं सांगते, तोवर मला हे सुचलं नव्हतं.

चिठ्ठी परत पेटीला

तार दोन्ही बाजूंनी चालते. कीबोर्डचे निरोप कॉम्प्युटरला जातात, तसे कॉम्प्युटरचे निरोप कीबोर्डलाही जातात. त्या शनिवारी दुपारी कीबोर्ड पुन्हा घरी आणला. सॉफ्टवेअरमध्ये मिडी आउटपुट म्हणून विंडोजच्या वाद्यसंचाऐवजी कीबोर्डचं नाव निवडलं आणि फाईल चालू केली. पट्ट्यांना कोणी हात लावत नव्हतं आणि कीबोर्ड वाजू लागला. पण पुन्हा पियानोच!

कारण शोधायला रात्र गेली. गुरुजी हार्मोनिअमचं बटण आधी दाबायचे, मग मी रेकॉर्डिंग सुरू करायचे. त्यामुळे "आता हार्मोनिअम लाव" हा निरोप फायलीत आलाच नव्हता. प्रत्येक आवाजाचा एक पत्ता असतो, प्रोग्राम नंबर आणि बँक नंबर. माहितीपुस्तिकेच्या शेवटी आवाजांच्या यादीत तो छापलेला असतो. आकडे हाताने भरता येतात. मी सोपा मार्ग घेतला. रेकॉर्डिंग चालू ठेवून हार्मोनिअमचं बटण दाबलं, तेवढा निरोप नोंदवून घेतला आणि तो प्रत्येक चालीच्या सुरुवातीला, पहिल्या सुराच्या थोडा आधी, त्याच वाहिनीवर चिकटवला.

रविवारी सकाळी फाईल पुन्हा चालू केली. आणि पेटी वाजली. गुरुजींचीच पेटी. जाऊबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी आले काय?"

आता आवाजाची तार

पण रोज परिपाठाला कॉम्प्युटर आणि कीबोर्ड जोडत बसणं शक्य नाही. मोबाइलवर लावता येईल अशी आवाजाची फाईल हवी होती. त्यासाठी दुसरी तार लागते, आवाजाची. इथे माझे जे धडे झाले ते क्रमाने सांगते.

कीबोर्डच्या मागे हेडफोनचं किंवा आउटपुटचं सॉकेट असतं. आमच्या कीबोर्डला जाड पिनचं, ६.३५ मिलिमीटरचं आहे. कॉम्प्युटरला लागते बारीक पिन, ३.५ मिलिमीटरची. नारायणगावला इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात दोन्ही टोकांना बारीक पिन असलेली स्टिरिओ तार आणि जाड पिनचा जोड मिळाला. यात पिन घातली की कीबोर्डचा स्वतःचा स्पीकर बंद होतो. घाबरू नका, बिघाड नाही तो.

जुन्या डेस्कटॉपच्या मागे तीन रंगांची सॉकेट असतात. हिरवं स्पीकरचं, गुलाबी माइकचं, निळं लाइन-इनचं. मी आधी गुलाबीत घातली. आवाज फाटका आला, कर्ण्यातून भांडण ऐकावं तसा. माइकचा विद्युत संकेत अगदी क्षीण असतो, म्हणून गुलाबी सॉकेट त्याला खूप मोठा करून घेतं. कीबोर्डमधून येणारा संकेत मुळातच त्याच्या कितीतरी पट मोठा. तो आणखी मोठा केला की त्याचे शेंडे छाटले जातात, आणि छाटलेले शेंडे म्हणजेच तो फाटका आवाज. तार निळ्यात घातली, आवाज स्वच्छ झाला. बऱ्याच लॅपटॉपला निळं सॉकेट नसतं. तिथे लाइन-इन असलेलं बाहेरचं यूएसबी साउंड कार्ड घ्यावं लागतं. घेताना नीट बघा, स्वस्तातल्या कित्येकांना फक्त माइकचं सॉकेट असतं.

आवाज नोंदवायला ऑडेसिटी वापरलं. ते मोफत आहे. पहिली प्रार्थना सुरेख झाली असं वाटलं, पण परत ऐकली तर त्यात पेटी लांबून येत होती आणि जवळून कुकरच्या दोन शिट्ट्या. पुतण्याच्या ऑनलाइन क्लाससाठी घेतलेला वेबकॅम अजून जोडलेला होता आणि ऑडेसिटी त्याच्याच माइकने ऐकत होतं! म्हणून आधी रेकॉर्डिंगचं साधन म्हणून लाइन-इन निवडा. मग वेबकॅमवर टिचकी मारून बघा. रेघ हलली, तर निवड चुकली.

आवाजाची पातळी बघताना कीबोर्डचा आवाज निम्म्याच्या थोडा वर ठेवला आणि सगळ्यात मोठ्या सुराला पट्टा वजा ६ डेसिबलच्या आसपास थांबेल असं केलं. शून्याला टेकला की सूर फाटतो आणि तो नंतर नीट दुरुस्त होत नाही. फार हळू घेतलं तर खरखर वर येते.

खरखरीवरून आठवलं. सुरुवातीला सगळ्या रेकॉर्डिंगमागे एक घुंऽऽ आवाज होता. आमच्या घरच्या वायरिंगला अर्थिंग धड नाही आणि घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, ते हेलकावे तारेत उतरत होते. कीबोर्डचा अडॅप्टर काढून त्यात सेल घातले, घुं जवळजवळ गेला. यूएसबीमुळे थोडी बारीक किणकिण उरली, पण पेटी सुरू झाली की ती ऐकू येत नाही. मधेच एक टिर टिर टिर येत होतं, ते तारेशेजारी ठेवलेल्या मोबाइलचं निघालं.

हे मी चौथीच्या मुलांना सांगितलं तेव्हा त्यांना आमच्याच तालुक्यातलं खोडद आठवलं. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशातून येणारे इतके क्षीण संकेत टिपतात की आसपासची माणसांची यंत्रंच त्यांना अडथळा होतात. मोबाइलसुद्धा. एक मुलगा म्हणाला, "म्हणजे आपली पेटी पण दुर्बिणीसारखीच." तसंच काहीसं. नको ते आवाज कमी केले, की हवं ते ऐकू येतं.

आता आकार बघा. तीन मिनिटांच्या प्रार्थनेची मिडी फाईल दहा केबीच्या आत. तीच प्रार्थना आवाजाची पूर्ण फाईल म्हणून, सीडीच्या दर्जाची (सेकंदाला ४४,१०० नमुने, स्टिरिओ), घेतली तर सुमारे ३२ एमबी. १२८ केबीपीएसची एमपी३ केली की तीन एमबीच्या आसपास. निरोप आणि आवाज यांतला फरक मुलांना या आकड्यांवरून पटकन पटतो. भागाकाराचं उदाहरणही होतं!

"हे मी वाजवलेलं नाही"

आता तिसरी चूक. ही तारेची नाही, माझी आहे.

फायली पडद्यावर उघड्या होत्या आणि मिडीमध्ये प्रत्येक सूर सुटा दिसतो. उचलता येतो, सरकवता येतो, पुसता येतो. प्रार्थनेत मला दिसलं की गुरुजी दर दोन ओळींनंतर जवळजवळ दोन मात्रा थांबलेत. रेघा नाहीत, नुसती मोकळी जागा. मला वाटलं गुरुजींची लय सुटली असेल. वय झालं, उन्हाळ्याची दुपार होती. मी त्या जागा कापल्या आणि सूर जवळ आणले. थोडे मागे-पुढे पडलेले सूर मात्रेच्या रेघेवर ओढून बसवले. ऐकायला अगदी टापटीप, सीडीतल्यासारखं.

सोमवारी परिपाठाला स्पीकरवर लावलं. चौथीची मुलं कशीबशी पोचली. पहिली-दुसरीची पहिल्या कडव्यातच मागे पडली. काही जण ओळीचा शेवटचा शब्द गिळून पुढच्या ओळीला धावली, काही नुसतीच तोंड उघडून उभी राहिली. मला वाटलं, सवय होईल. चार दिवस झाले, सवय झाली नाही.

तीच फाईल मी मोठ्या कौतुकाने गुरुजींना पाठवली होती. संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज जरा जड झालाय त्यांचा.

"मॅडम, पेटी माझी आहे. पण हे मी वाजवलेलं नाही."

मी सांगितलं, गुरुजी, तुम्हीच वाजवलंय, मी फक्त मधल्या मोकळ्या जागा काढल्या.

ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या मोकळ्या नव्हत्या. तिथं पहिलीची पोरं श्वास घेतात."

मग त्यांनी मला वही काढायला लावली. वहीत प्रार्थनेच्या पानावर लाल पेनाने बारीक बारीक खुणा होत्या. मी त्या कितीदा पाहिल्या होत्या! मला वाटायचं, तपासल्याच्या खुणा असतील, आपण मुलांच्या वह्यांत करतो तशा. गुरुजी म्हणाले, "जिथं लाल, तिथं थांबायचं. जूनमध्ये जास्त थांबायचं. पोरं नवीन असतात. जानेवारीपर्यंत कमी करत आणायचं."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले. इतकी वर्षं आम्ही एकाच परिपाठाला उभे होतो. मी रांगा सरळ करत होते, हजेरी बघत होते, आणि ते पोरांचे श्वास मोजून पेटी वाजवत होते.

मूळ फाईल मी पुसली नव्हती, हे नशीब. ती पुन्हा उघडली, फक्त हार्मोनिअमचा निरोप पुढे जोडला आणि बाकी एकाही सुराला हात न लावता आवाज पुन्हा नोंदवला. राष्ट्रगीताचं तेवढं घड्याळ लावून तपासलं. पूर्ण राष्ट्रगीत सुमारे ५२ सेकंदांचं असावं लागतं. गुरुजींचं अगदी बरोबर निघालं. म्हणजे लय सुटणारा माणूस तो नव्हताच.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला पहिलीच्या रांगेकडे बघत उभी राहिले. पेटी थांबली, पंधरा-वीस बारक्या छात्या एकदम वर आल्या आणि पुढची ओळ सगळ्यांनी मिळून उचलली.

पालकांसाठी इथे एक सांगावंसं वाटतं. आपल्या मुळशीच्या आणि इतर भागांतल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी सहकाऱ्यांसह वर्षानुवर्षं गावोगाव फिरून जमवल्या. लाखाहून जास्त ओव्या कागदावर उतरल्या, ही केवढी मोठी गोष्ट! १९९० च्या दशकात बर्नार बेल यांच्या साथीने त्यांतल्या काही बायांचे आवाजही ध्वनिमुद्रित झाले, १२० तासांहून जास्त. शब्द कागदावर टिकले, पण ओवी म्हणताना बाई कुठे थांबते, जात्याचा खुंटा ओढताना आवाज कसा दमतो, हे फक्त त्या तासांत आहे. तुमच्या घरी आजी ओवी म्हणत असेल किंवा आजोबा भजनाला पेटी धरत असतील, तर नुसतं लिहून घेऊ नका, आवाज घ्या. आणि आवाज घेतलात, तर साफसूफ करायच्या आधी एकदा त्यांना ऐकवा.

तुम्ही करणार असाल तर

थोडक्यात लिहून ठेवते, म्हणजे माझ्यासारखी रात्र जाणार नाही.

१. आधी माहितीपुस्तिका बघा. काही कीबोर्ड यूएसबीच्या तारेतूनच आवाजही पाठवतात, काही पेनड्राइव्हवर थेट आवाज नोंदवतात. तुमचा तसा असेल तर निम्मं काम वाचलं. पण बहुतेक साध्या कीबोर्डांच्या यूएसबीतून फक्त मिडी जातं.

२. कीबोर्डचाच आवाज हवा असेल तर हेडफोन किंवा आउटपुटच्या सॉकेटमधून कॉम्प्युटरच्या लाइन-इनमध्ये तार घ्या. माइकच्या सॉकेटमध्ये नको.

३. शक्य असेल तर मिडी आणि आवाज दोन्ही एकाच वेळी नोंदवा. आवाज बिघडला तर मिडीवरून पुन्हा घेता येतो. आमच्या अकरा चाली त्यामुळेच वाचल्या.

४. मिडी नोंदवताना रेकॉर्डिंग सुरू केल्यानंतर आवाजाचं बटण दाबा आणि मग वाजवा.

५. अर्ध्या मिनिटाचा नमुना घेऊन लगेच ऐका. वाजवणारा समोर बसलेला असतानाच ऐका. रेघांवर विश्वास ठेवू नका.

६. मूळ फाईल कधीही बदलू नका. तिची प्रत करा आणि काय ते प्रयोग प्रतीवर करा.

७. दुसऱ्या कोणाची प्रसिद्ध चाल असेल तर ती वर्गापुरती ठेवा, सगळीकडे पसरवू नका.

सध्या आमच्या शाळेत प्रत्येक चालीच्या तीन गोष्टी एका पेनड्राइव्हवर आहेत. मिडी फाईल, आवाजाची फाईल आणि वहीच्या पानाचा फोटो, लाल खुणांसकट. खुणांचा अर्थ मी खाली टाइप करून ठेवलाय. उद्या माझी बदली झाली तर येणाऱ्या शिक्षकाला त्या तपासल्याच्या खुणा वाटू नयेत.

आणि जून महिन्यासाठी मी एक वेगळी फाईल करणार आहे. जास्त थांबणारी. मिडीत जागा कापता येते, तशी वाढवताही येते. किती वाढवायची ते गुरुजींना विचारलं. म्हणाले, "मला काय विचारता? पोरांकडं बघा." पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःहून फोन केला आणि म्हणाले, "फाईल झाली की आधी मला पाठवा."